उलटा हात

खोक्यात फोन निघाला, एक आखूड वायर,
सिमचं दार उघडायची सुई
आणि सतरा भाषांतली कागदाची घडी.
मराठी त्यात नव्हती. चार्जरही नव्हता.
मस्कतहून पोरगा म्हणाला, आता देत नाहीत, बाबा,
पर्यावरणासाठी.
म्हटलं, बरं. जेवायला बोलवायचं
आणि ताट ज्याचं त्याने आणायचं.

घरात खणभर चार्जर आहेत.
एक बारीक पिनचा, एक चपट्या तोंडाचा,
एक तर दाढीच्या मशीनचा निघाला.
मालिनी म्हणाली, लावून बघा ना कुठलाही,
वीज ती वीज.
बत्तीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होतो मी,
आणि माझ्याच घरात हे वाक्य.

डिचोली, बुधवारचा बाजार.
सुक्या मासळीच्या रांगेला वळसा घालून
स्टँडसमोरच्या दुकानाची पायरी चढलो.
काउंटरला लोरेना, आंतोन पिंटोची धाकटी.
"कितें जाय, गांवसबाब?"
तिने तीन मांडले,
पांढरे, गुळगुळीत, साबणाच्या वड्यांसारखे.
अंगावरचं लिखाण मुंगीने पाय पुसल्यासारखं.
चारशे चाळीसचा बोर्ड मी अंधारात ओळखत असे;
इथे चष्मा काढला, लावला, परत काढला.
शेवटी तिनेच आपल्या फोनने फोटो घेतला,
दोन बोटांनी ताणला आणि वाचला:
पाच व्होल्ट, तीन अँपिअर.
नऊ व्होल्ट, दोन पूर्णांक बावीस.

"आणि हा पासष्ट वॅटचा लावला तर फोन जळेल?"
उत्तर मला ठाऊक होतं.
हिला आहे का, ते बघायचं होतं.
"जळत नाही हो. किती ओढायचं ते फोन ठरवतो.
तुमचा अठराच्या वर ओढत नाही,
पासष्टचे पैसे कशाला घालता? वीसचा घ्या.
आधी दोघं वायरीतून बोलतात.
हा म्हणतो, पाच आहे, नऊ आहे, कुठलं देऊ?
समोरून उत्तर नाही आलं, तर पाचावर राहतो."

विचारतो म्हणे.

आमच्या वेळी वीज विचारत नव्हती.
एकोणनव्वदच्या जूनमध्ये क्रशरच्या पॅनेलात
पुंडलीक सालेलकरने हात घातला.
फ्यूज काढलेत, असं मीच सांगितलं होतं.
काढलेही होते. शेजारच्या पॅनेलचे.
तो वाचला. उजवी मूठ मात्र पुन्हा उघडली नाही.
खाण बंद होईपर्यंत गेटवर बसून
डाव्या हाताने ट्रकांचे नंबर लिहायचा.
मला कधी काही बोलला नाही.
दिवाळीला फोव घेऊन यायचा.

"वायर पण चांगली घ्या," लोरेनाचं चालूच होतं,
"शंभरवाली नको, आत तांबं केसाएवढं असतं."
तिसऱ्या चार्जरवर कंपनीचं नाव
एका अक्षराने चुकलेलं.
हातात घेतला. वजनच नव्हतं.
तो मी आपणहून बाजूला ठेवला,
तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.
"इलेक्ट्रिशियन काय?"
"होतो."
सगळे मिळून आठशे चाळीस. पावती घेतली.

रात्री मालिनी मस्कतशी बोलली.
नातीने पडलेला दात कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरला
की दातच दिसेना.
मग फोन लावून ही झोपली.

पावणेबाराला मी उठलो.
एकाहत्तर टक्के. बाहत्तर.
चार्जरला हात लावून पाहिला,
उलटा, बोटांच्या मागच्या अंगाने,
नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो तसा:
करंट असला की मूठ मिटते,
मिटलीच तर तारेवर मिटू नये.

पुंडलीकलाही शिकवलं होतं.

कोमट होता,
निवत आलेल्या पेजेच्या वाटीएवढा.
चालेल.
तरी बाहत्तरचे ऐंशी होईपर्यंत
तिथेच बसून राहिलो.